हृदयनिर्गममापक उपकरणांची अचूकता : एक पद्धतिविषयक समीक्षा

हृदय एका मिनिटात जेवढे रक्त पुढे ढकलते, त्या आकारमानाला आपण रुग्णालयात सर्रास कार्डिॲक आउटपुट म्हणतो. प्रस्तुत लेखात त्यासाठी 'हृदयनिर्गम' ही संज्ञा योजली आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीत विश्रांतीच्या वेळी ही राशी पाच लिटरांच्या आसपास असते. नाडी बोटांनी कळते, रक्तदाब दंडावर मोजता येतो. हृदयनिर्गम मात्र असा सरळ हाती लागत नाही. तो कोणत्या तरी दुसऱ्याच राशीवरून, काही गृहीतके पत्करून, काढावा लागतो. गेल्या पन्नासएक वर्षांत त्यासाठी नाना प्रकारची उपकरणे निघाली आणि प्रत्येकाच्या अचूकतेची परीक्षा करणारे निबंधही विपुल झाले. या निबंधांच्या शेवटी बहुधा एकच वाक्य आढळते : अमुक उपकरण 'स्वीकारार्ह' आहे, अथवा नाही.

या वाक्याबद्दलच आमचा आक्षेप आहे. अचूकता हा उपकरणाच्या अंगचा गुण आहे, जसे त्याचे वजन किंवा त्याची किंमत, असे या निकालात गृहीत धरलेले असते. वस्तुतः अचूकता म्हणजे उपकरण, ज्याच्याशी त्याची तुलना केली ती पद्धती आणि ज्यांच्यावर ती तुलना झाली ते रुग्ण, या तिघांमधील संबंध होय. यांपैकी एक बदलला की निकाल बदलू शकतो. आपल्या रुग्णालयांतील रुग्ण ज्या बाबतीत वेगळे आहेत, नेमक्या त्याच बाबतीत काही उपकरणांची गृहीतके डळमळीत आहेत, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

विवेचन हवेत राहू नये म्हणून एक कल्पित रुग्ण डोळ्यांसमोर ठेवू. मावळ तालुक्यात तळेगाव दाभाड्याजवळ नवलाख उंबरे हे गाव आहे. औद्योगिक वसाहत त्याच्या शिवारापर्यंत येऊन भिडली आहे. समजा, येथील एक बाळंतीण धाप लागलेल्या आणि रक्तदाब घसरलेल्या स्थितीत तळेगावच्या अतिदक्षता विभागात आली. वजन ४२ किलो, उंची १५० सेंटिमीटर, हिमोग्लोबिन सुमारे ८ ग्रॅम. वैद्यापुढे तीन शक्यता आहेत : प्रसूतीत रक्त गेले असेल, जंतुसंसर्गाने रक्तवाहिन्या सैलावल्या असतील, किंवा हृदयाचा स्नायूच दुबळा झाला असेल. पहिल्या शक्यतेत शिरेतून द्रव दिला पाहिजे. तिसरीत तोच द्रव फुप्फुसात साचून प्राणावर बेतू शकतो. अशा वेळी हृदयनिर्गमाचा अंक हे पांडित्याचे भूषण नसून उपचाराची दिशा ठरविणारे साधन असते. तो अंक कितपत विश्वासार्ह आहे, हाच खरा प्रश्न आहे.

संदर्भपद्धतीची त्रुटी

हृदयनिर्गम मोजण्याचे मूलतत्त्व आडोल्फ फिक यांनी १८७० मध्ये मांडले. शरीराने दर मिनिटाला घेतलेला ऑक्सिजन आणि रोहिणी व फुप्फुसरोहिणी यांतील रक्ताच्या ऑक्सिजनमधील अंतर ही दोन माहीत असली, तर भागाकाराने निर्गम मिळतो. तत्त्व निर्दोष आहे. परंतु व्यवहारात ऑक्सिजनचे ग्रहण मोजण्याचा खटाटोप टाळून शरीराच्या दर चौरस मीटरला १२५ मिलिलिटर असा ठराविक अंक घालण्याची प्रथा रूढ झाली. मोजमापाची जागा अशा रीतीने अनुमानाने घेतली, तरी नाव फिक यांचेच राहिले.

१९७० मध्ये स्वान आणि गान्झ यांनी फुगा लावलेली नळी प्रसिद्ध केली आणि त्यानंतर लवकरच त्या नळीतून थंड द्रव सोडून तापमानाच्या उतारावरून निर्गम काढण्याची थर्मोडायल्यूशन पद्धती सर्वत्र पसरली. पुढच्या बहुतेक उपकरणांची परीक्षा याच पद्धतीशी तुलना करून झाली. म्हणून ती स्वतः किती स्थिर आहे, हे आधी पाहणे अगत्याचे ठरते. स्टेट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखविले की, तीन वेळा द्रव सोडून काढलेल्या सरासऱ्यांमध्ये शेकडा १२ ते १५ इतके अंतर पडल्याशिवाय निर्गम खरोखर बदलला असे म्हणता येत नाही. एकेकट्या मापनावर विसंबल्यास हे अंतर शेकडा २० ते २६ पर्यंत जाते. ज्या काट्यावर दुसरे काटे पारखायचे, तो काटाच इतका हलणारा आहे.

यात रुग्णाचाही भाग आहे. सोडलेला थंड द्रव एकदाच, एकाच दिशेने पुढे जातो, असे थर्मोडायल्यूशनमध्ये गृहीत धरलेले असते. उजव्या बाजूची त्रिदल झडप गळकी असेल तर तो मागेपुढे हेलकावे खातो आणि तापमानाचा आलेख विस्कटतो. त्यामुळे अंक नेहमी किती चुकतो याबद्दल सर्व निबंधांचे एकमत नाही. पण गृहीतक मोडते हे निर्विवाद आहे. संधिवाताच्या ज्वरानंतर द्विदल झडप आकुंचित झालेले आणि फुप्फुसातील दाब वाढून त्रिदल झडप गळू लागलेले रुग्ण आपल्या रुग्णालयांना अपरिचित नाहीत. युरोपात किंवा अमेरिकेत रोहिणीशस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर जी संदर्भपद्धती स्थिर ठरली, ती येथेही तितकीच स्थिर असेल, असे मानण्यास आधार नाही.

शेकडा तीसचा निकष

दोन पद्धतींची तुलना पूर्वी सहसंबंधांकाने करीत. एखादे उपकरण प्रत्येक वेळी खऱ्याच्या बरोबर दुप्पट अंक दाखवीत असले, तरी सहसंबंधांक पूर्ण एक येतो. एवढे एकच उदाहरण त्या रीतीची निरर्थकता दाखविण्यास पुरे आहे. ब्लँड आणि ऑल्टमन यांनी १९८६ मध्ये दोन पद्धतींमधील फरकांची सरासरी आणि त्या फरकांचा विस्तार पाहण्याची रीत रूढ केली. पुढे १९९९ मध्ये क्रिचली द्वयाने फरकांच्या प्रमाण विचलनाची १.९६ पट घेऊन तिला सरासरी निर्गमाने भागले व त्यास शेकडा त्रुटी म्हटले. ही त्रुटी ३० पेक्षा कमी असल्यास उपकरण स्वीकारावे, असे सुचविले.

हा तीसचा आकडा कोठून आला, हे पुष्कळ निबंधकारांच्या विस्मरणात गेलेले दिसते. थर्मोडायल्यूशनची स्वतःची त्रुटी शेकडा २० आहे आणि नव्या उपकरणाची त्याहून अधिक नसावी, असे त्यांनी धरले. दोन स्वतंत्र त्रुटी वर्गांच्या बेरजेने एकत्र होतात. २० चा वर्ग अधिक २० चा वर्ग म्हणजे ८००, आणि त्याचे वर्गमूळ सुमारे २८.३. हेच पूर्णांकात तीस झाले. म्हणजे तीस ही उपकरणाची त्रुटी नव्हे. ती उपकरण आणि संदर्भपद्धती यांची मिळून होणारी त्रुटी आहे, आणि तीसुद्धा संदर्भपद्धतीची त्रुटी वीस असेल तरच.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. एखाद्या प्रयोगात संदर्भपद्धती फार काळजीपूर्वक वापरून तिची त्रुटी दहावर आणली आणि एकत्रित त्रुटी तीस आली, तर उपकरणाची त्रुटी ९०० वजा १०० च्या वर्गमूळाइतकी, म्हणजे २८ हून किंचित अधिक ठरते. वीसची मर्यादा ओलांडूनही ते उत्तीर्ण होते. उलट, संदर्भपद्धतीची त्रुटी २५ असताना एकत्रित त्रुटी तीस आली, तर उपकरणाची त्रुटी केवळ १७ च्या आसपास असते. दोन्ही निबंधांत निष्कर्षाचे वाक्य मात्र अक्षरशः सारखेच येते. चेक्कोनी आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हीच गोष्ट सविस्तर मांडली आणि संदर्भपद्धतीची पुनरावृत्तिक्षमता त्याच प्रयोगात, त्याच रुग्णांवर मोजण्याचा आग्रह धरला. तरीही हे मापन वगळून निबंध लिहिले जातात, ही खेदाची गोष्ट होय.

निकष कडक आहे असेही कोणी समजू नये. २०१० मध्ये पेटन आणि चाँग यांनी अनेक तुलनांचे एकत्रीकरण केले, तेव्हा नाडीलहरीच्या आकारावरून, अन्ननलिकेतील डॉप्लरवरून, कार्बन डायऑक्साइडच्या पुनःश्वसनावरून आणि छातीच्या विद्युत्संरोधावरून निर्गम काढणाऱ्या चारही पद्धतींची सरासरी शेकडा त्रुटी ४१ ते ४५ च्या दरम्यान आली. २०१७ मध्ये योस्टेन आणि सहकाऱ्यांनी शरीरात नळी न घालता वापरावयाच्या उपकरणांचा असाच आढावा घेतला. तेथे ती ४७ निघाली. सरासरीत एकही पद्धती तीसच्या आत नाही. तरीही आपापल्या प्रयोगात उत्तीर्ण झालेली उपकरणे पुष्कळ आहेत.

विद्युत्संरोध आणि मुंबईतील कार्य

या पद्धतींपैकी विद्युत्संरोधाचा विचार आपल्याला विशेष जवळचा आहे. छातीतून अतिसूक्ष्म, जलद आवर्तनांचा विद्युत्प्रवाह सोडला तर हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर छातीचा संरोध किंचित बदलतो. न्याबोर यांनी १९५० मध्ये या तत्त्वाचा उपयोग दाखविला. अवकाशयात्रींसाठी उपयोगी पडावे म्हणून कुबिचेक आणि सहकाऱ्यांनी १९६६ मध्ये त्याचे सूत्र बसविले. सूत्रातील एक राशी रक्ताची विद्युत्‌रोधकता ही आहे आणि एका ठोक्यातील निर्गम तिच्या सरळ प्रमाणात येतो.

मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्रात जिंदाल आणि सहकाऱ्यांनी या तत्त्वावर देशी उपकरणे घडविली आणि केईएम रुग्णालयात परुळकर प्रभृतींनी त्यांचा रुग्णांवर उपयोग केला. त्यासंबंधीचे निबंध १९८० आणि १९९० च्या दशकांत 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' या मुंबईच्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या कार्यातील एक गोष्ट मननीय आहे. त्याचा मोठा भाग हृदयनिर्गमाच्या निरपेक्ष अंकाविषयी नसून हातापायांच्या रोहिण्यांतील अडथळ्यांविषयी होता. त्यासाठी रक्तप्रवाहाचा निर्देशांक आणि नाडीलहर अवयवाच्या निरनिराळ्या भागांत पोहोचण्याच्या वेळेतील फरक ही परिमाणे वापरली गेली. वेळेच्या फरकात रोधकतेचा संबंधच येत नाही. आणि एकाच रुग्णाचा एक पाय दुसऱ्या पायाशी ताडून पाहिला, तर रोधकता दोन्ही बाजूंना सारखीच असल्याने भागाकारात नाहीशी होते. ज्या प्रश्नात अनिश्चित स्थिरांक आपोआप गळून पडतो, असा प्रश्न उपकरणापुढे ठेवला गेला. उपकरणाच्या मर्यादा ओळखून त्याचा उपयोग कसा करावा, याचा हा उत्तम नमुना आपल्या घरीच आहे.

रक्तक्षय आणि रोधकता

हृदयनिर्गमाचा निरपेक्ष अंक काढताना मात्र ही सोय राहत नाही. रोधकतेचा कोणता तरी अंक घालावाच लागतो. येथे दोन मते आहेत. गेडिस आणि सॅडलर यांनी १९७३ मध्ये शरीराच्या तापमानावरील रक्ताची रोधकता मोजून ती हीमॅटोक्रिटबरोबर, म्हणजे रक्तातील पेशींच्या शेकडा प्रमाणाबरोबर, घातांकी रीतीने वाढते असे दाखविले. त्यांच्या सूत्राप्रमाणे हीमॅटोक्रिट ४० असता रोधकता सुमारे १२८ ओहम-सेंटिमीटर येते आणि २५ असता सुमारे ९२. उलट क्वेल आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून असे प्रतिपादिले की, छातीच्या मापनात परिणामकारक ठरणारी रोधकता हीमॅटोक्रिट बदलूनही १३५ च्या आसपास स्थिर राहते. काही उपकरणे स्थिर अंक वापरतात. काही सूत्रांत रोधकता अजिबात न ठेवता उंचीवरून छातीचे आकारमान अनुमानतात.

आता हा वाद कोणत्या रुग्णांत महत्त्वाचा आहे, ते पाहा. हीमॅटोक्रिट ४० असलेल्या रुग्णात १२८ घाला की १३५ घाला, फरक शेकडा पाचाच्या आसपास पडतो. इतर त्रुटींच्या गर्दीत तो दिसतही नाही. अशा रुग्णांवर कितीही तुलना केल्या तरी कोणते मत बरोबर, हे कळणार नाही आणि उपकरणही उत्तीर्ण होत राहील. परंतु हीमॅटोक्रिट २५ असता ९२ आणि १३५ यांचे गुणोत्तर जवळजवळ दीड आहे. जो वाद तेथील रुग्णांत अप्रस्तुत, तोच आपल्या रुग्णांत निर्णायक ठरतो.

रक्तक्षय येथे अपवादात्मक नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ स्त्रियांत तो आढळला. त्यांतील बहुतेकींचा रक्तक्षय सौम्य वा मध्यम असतो हे खरे. पण अतिदक्षता विभागात येणाऱ्या बाळंतिणीच्या बाबतीत हीमॅटोक्रिट २५ ही कल्पना अतिरंजित म्हणता येणार नाही.

आपल्या नवलाख उंबऱ्याच्या रुग्णाकडे परत येऊ. तिच्या शरीराचे क्षेत्रफळ रूढ सूत्राने सुमारे १.३३ चौरस मीटर येते. समजा, १३५ हा स्थिर अंक वापरणाऱ्या उपकरणाने निर्गम ४.२ लिटर दाखविला. क्षेत्रफळाने भागल्यास ३.२ हा निर्देशांक येतो. हृदय चांगले चालले आहे, असा त्याचा अर्थ. पण गेडिस-सॅडलर यांचे मत या ठिकाणी खरे असेल, तर वास्तव निर्गम २.९ च्या आसपास आणि निर्देशांक २.१५ ठरतो. फॉरेस्टर आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यातील रुग्णांसाठी धोक्याची जी रेषा २.२ वर आखली होती, तिच्याखाली हा अंक जातो. एकाच आकड्याचे दोन अर्थ आणि दोन्हींचे उपचार परस्परविरोधी.

याहून सूक्ष्म धोका आणखी एक आहे. रक्तक्षयात ऑक्सिजनची तूट भरून काढण्यासाठी हृदयनिर्गम स्वभावतःच वाढतो. म्हणून रक्तक्षयी रुग्णात यंत्राने मोठा अंक दाखविला तर वैद्याला त्यात वावगे काही वाटत नाही. शरीरक्रियेमुळे अपेक्षित असलेली वाढ आणि चुकीच्या स्थिरांकामुळे भासणारी वाढ यांची दिशा एकच आहे. अविश्वसनीय दिसणारी चूक लवकर पकडली जाते. अपेक्षेशी जुळणारी चूक वर्षानुवर्षे टिकते.

असा प्रकार वैद्यकात पूर्वी घडलेला आहे. बोटाला लावून रक्तातील ऑक्सिजन मोजणारे पल्स ऑक्सिमीटर मुख्यतः गौरवर्णीय व्यक्तींवर जुळविले गेले. कृष्णवर्णीय रुग्णांत ते फसू शकते हे १९९० मध्येच निदर्शनास आले होते; तरी २०२० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाने दाखविले की, यंत्र समाधानकारक अंक दाखवीत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन कमी असण्याचे प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गौरवर्णीयांच्या जवळजवळ तिप्पट होते. यंत्रात दोष नव्याने शिरला नव्हता. परीक्षेत कोणास बसविले होते, हा प्रश्न उशिरा विचारला गेला, इतकेच.

बदल मोजणे पुरेसे आहे काय?

येथे एक आक्षेप संभवतो. निरपेक्ष अंक चुकीचा असेना का. उपचाराने तो वाढतो की घटतो एवढे कळले तरी पुरे, असे पुष्कळ अनुभवी भूलतज्ज्ञ म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे. अवयवांच्या मापनात आपण पाहिले त्याप्रमाणे, एकाच रुग्णाची त्याच्याशीच तुलना करताना स्थिरांक गळून पडतो. प्रतिध्वनिचित्रणातही हेच घडते : महारोहिणीच्या मुळाचा व्यास २.० ऐवजी १.८ सेंटिमीटर मोजला गेला तर व्यासाचा वर्ग येत असल्यामुळे निर्गम शेकडा १९ ने कमी दिसतो. पण केवळ प्रवाहाच्या आलेखातील बदल पाहिला तर व्यासाचा प्रश्नच उद्भवत नाही.

मात्र दोन मापनांच्या मध्यंतरी स्थिरांक खरोखर स्थिर राहिला पाहिजे, ही अट विसरून चालणार नाही. शिरेतून सलाईन दिल्यावर रक्त पातळ होते. हीमॅटोक्रिट ३० वरून २७ वर आला, तर गेडिस-सॅडलर सूत्राने रोधकता सुमारे १०३ वरून ९६ वर उतरते. स्थिर अंक वापरणारे उपकरण, इतर राशी सारख्याच राहिल्या असे मानल्यास, हृदयाने थेंबभरही अधिक रक्त न ढकलता शेकडा सात वाढ दाखवील. निर्गमात शेकडा दहा-पंधरा वाढ झाली की द्रवाचा लाभ झाला, असे आपण म्हणतो. त्यातील निम्मा वाटा केवळ विरलनाचा असू शकेल. याच्या उलट, रुग्णाचे पाय वर उचलून जी परीक्षा करतात तीत बाहेरून द्रव येत नाही, म्हणून असे विरलन होत नाही. तेव्हा 'बदल मोजा' हा सल्ला योग्य. पण कोणता बदल, कोणत्या उपायाने घडविलेला, हे पाहिल्याशिवाय तोही आंधळा ठरतो.

उपसंहार

वरील विवेचनातून पदव्युत्तर प्रबंधांसाठी काही अपेक्षा निघतात. संदर्भपद्धतीची पुनरावृत्तिक्षमता त्याच रुग्णांवर मोजून तिचा अंक निष्कर्षाशेजारी छापावा. तीसचा निकष उसना घेऊ नये. एका रुग्णाची दहा मापने ही दहा रुग्णांची मापने मानू नयेत. प्रत्येक रुग्णाचा हीमॅटोक्रिट, शरीराचे क्षेत्रफळ आणि त्रिदल झडपेची स्थिती नोंदवून या गटांप्रमाणे फरकांचे स्वतंत्र पृथक्करण करावे. सरासरी तफावत शून्य येणे ही समाधानाची गोष्ट नव्हे. एका गटातील वाढ आणि दुसऱ्या गटातील घट एकमेकींना खोडूनही शून्य येते. आणि बदलांची तुलना करताना रक्त पातळ करणारे उपाय वेगळे ठेवावेत.

यांपैकी कशासाठीही महागडी सामग्री लागत नाही. हीमॅटोक्रिट तर प्रत्येक रुग्णाच्या कागदांत आधीच असतो. तो तुलनेच्या तक्त्यात आणण्याचेच काय ते राहिले आहे. रक्तक्षयी रुग्णांत परिणामकारक रोधकता किती मानावी, हा प्रश्न जेथे रक्तक्षय विरळा तेथे सुटण्याची शक्यता थोडी. तो सोडविण्याची सामग्री आपल्या रुग्णशय्यांवर आहे, आणि त्याच्या उत्तराची गरजही तेथेच आहे. तोवर नवलाख उंबऱ्याहून आलेल्या रुग्णाच्या उशाशी यंत्राने ४.२ हा अंक दाखविला, तर निवासी डॉक्टराने तो टिपून घ्यावा. पण त्याच्याशेजारी तिचे हिमोग्लोबिनही लिहावे आणि दोन्ही एकत्र वाचल्याखेरीज सलाईनच्या बाटलीला हात लावू नये.